चार मोकळ्या जागा

एखादी वस्तू पाहायची असली की भाऊ तिच्याकडे पाहत नसे. तिच्या डावीकडे, साधारण वीतभर अंतरावर नजर ठेवायचा. मीठ हवं असलं तर भिंतीकडे बघायचा, दारात कोणी आलं तर चौकटीकडे. ताईने हे पहिल्यांदा टिपलं ते जेवणाच्या टेबलावर, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतली सवय म्हणून मनातल्या मनात कोनही मोजला. पंधरा अंश, फार तर वीस. दृष्टिपटलाच्या मधल्या ज्या ठिपक्याने माणूस वाचतो, सुई ओवतो, चेहरे ओळखतो, तो ठिपका भाऊच्या दोन्ही डोळ्यांत विरत चालला होता. कडा शाबूत होत्या. त्यामुळे तो रस्ता ओलांडायचा, जिना उतरायचा, पाण्याचा पेला न सांडता उचलायचा. वाचता मात्र येत नव्हतं. आणि चारचौघांत कोणी कोणाला वाचायला लावत नाही, म्हणून कोणाला काही कळतही नव्हतं.

भाऊ एका लहान कंपनीसाठी प्रोग्राम लिहायचा. शीतगृहाच्या भिंतीवर एक पेटी बसते, दर मिनिटाला आतलं तापमान घेते, आणि ते फार वेळ चढलेलं राहिलं तर घंटा वाजवते. त्या पेटीतला सगळा कोड भाऊचा. काम घरूनच चालायचं. आधी त्याने पडद्यावरची अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी, आणि शेवटी पडद्यावर दोनच शब्द मावायला लागले, तेही मधोमध पुसलेले. न बघता टंकायला त्याला येत होतं. पण एक स्वल्पविराम राहिला तर तो कुठे राहिला हे सापडायला सबंध दुपार जायची. तेव्हा ताई आपलं घर बंद करून त्याच्याकडे राहायला आली. ती विज्ञान शिकवायची, नुकतीच शाळेतून निवृत्त झाली होती. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि भाऊचं लग्नच झालं नव्हतं. योग आला नाही, असं तो म्हणायचा. आलेला योग तुला दिसला नाही, असं ताई म्हणायची. पण हे आधी. अलीकडे ती 'दिसला नाही' हे शब्द जपून वापरायची.

लहानपणी ती त्याला 'चष्म्या' म्हणायची. आता चष्म्याचा काही उपयोग उरला नव्हता, म्हणून तिने ते नाव सोडलं होतं.

"चष्म्या का म्हणत नाहीस हल्ली?" त्याने एकदा विचारलं.

"असंच."

"डोळे गेलेत ताई, कान नाहीत. तू किती गोड बोलायला लागलीयस ते ऐकू येतं मला. नको बोलूस. भीती वाटते."

ठरलं ते असं की तो सांगेल आणि ती टंकेल. पण नुसतं टंकणं ताईच्या स्वभावात नव्हतं. जे लिहायचं ते कळलं पाहिजे. मग भाऊ तिला अगदी पहिल्यापासून शिकवायला बसला.

पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं. त्याने सांगितलं, लिही, मोजणी बरोबर मोजणी अधिक एक. ताईचे हात थांबले.

"हे खोटं आहे."

"काय खोटं?"

"कुठलीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी नसते. मी पोरांचे कान पिळलेत असलं लिहिल्याबद्दल."

भाऊ कित्येक दिवसांनी मोठ्याने हसला. "अगं, हे समीकरण नाही, हुकूम आहे. मोजणी नावाचा एक डबा आहे. डब्यात आहे ते काढ, त्यात एक मिळव, परत डब्यात ठेव. उजवीकडचं आधी, डावीकडचं नंतर."

"आणि डब्यात आधी होतं त्याचं काय?"

"गेलं."

"गेलं म्हणजे?"

"गेलं म्हणजे गेलं. नवं ठेवलं की जुनं गेलं. संगणक हळहळत बसत नाही."

तिने ती ओळ लिहिली.

'जर' आणि 'नाहीतर' तिला चटकन आलं. आयुष्यभर तेच केलंय, ती म्हणाली. लूप, म्हणजे फेरा, शिकवायला भाऊने मटारच्या शेंगांची पिशवी टेबलावर ओतली. शेंगा आहेत तोवर एक उचल, सोल, दाणे वाटीत टाक. शेंगा संपल्या की थांब. आणि समज, मी सांगितलं, वाटी भरली तर पातेल्यात ओत, तर तेही याच फेऱ्यात बसतं. ताई सोलत गेली आणि तो ऐकत गेला. मध्येच म्हणाला, "एक शेंग खाल्लीस."

"नाही."

"वाटीत आवाज आला नाही."

या भाषेत एक गोष्ट ताईला विशेष आवडली. कुठली ओळ कुणाच्या पोटात, हे सांगायला कंस नाहीत. ओळ चार मोकळ्या जागा आत सरकवली की ती वरच्या ओळीची झाली, बाहेर आणली की सुटली. भाऊ सांगताना प्रत्येक ओळीआधी 'आत' किंवा 'बाहेर' म्हणायचा. लिहून झालं की ताई सगळं वाचून दाखवायची, तो डोळे मिटून ऐकायचा आणि कुठे खटकलं की बोट वर करायचा. अशी त्यांची पद्धत बसली. चांगली बसली. कंपनीत कोणाला संशय आला नाही. व्हिडिओवर बोलणं असलं की भाऊ कॅमेरा बंद ठेवायचा आणि नेट बारीक आहे म्हणायचा.

"तुमचं नेट सुधारणार कधी हो?" मॅनेजर बाई म्हणायच्या. "तुमचा चेहरा विसरायला लागले मी."

"फार काही गमावत नाही आहात मॅडम."

बोलणं संपलं की ताई म्हणायची, "सांगून टाक रे."

"सांगतो. जरा थांब."

"बोलून दाखवणारे प्रोग्राम असतात. पडद्यावरचं वाचतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"आणि मी तिथे नवशिक्यासारखा एकेक ओळ ऐकत बसू? ज्यांना मी शिकवलं ती पोरं तोवर दहा पानं पुढे जातील. आणि मग एक दिवस बाई अगदी प्रेमाने सांगतील, तुम्ही आता आराम करा. ताई, मला दुसरं काहीच येत नाही. मला आमटीसुद्धा येत नाही."

ताईला हे खरं वाटायचं, आणि तिथेच ते बोलणं संपायचं. असं वर्षभर चाललं.

मधल्या काळात ताईला गोडी लागली. तापमान एका मापातून दुसऱ्या मापात करून देणारा एक छोटा प्रोग्राम तिने स्वतःचा स्वतः लिहिला, आणि उत्तर बरोबर आलं तेव्हा ती खुर्चीतून उठून उभी राहिली. "वाच," भाऊ म्हणाला. तिने वाचला. सात ओळी होत्या. तो पुन्हा म्हणाला, "वाच." दुसऱ्यांदा वाचून होईपर्यंत त्याचा चेहरा असा झाला होता की ताईला आपल्या आनंदाची लाज वाटली. त्याच्या हातून जे सुटत होतं तेच तिच्या हातात येत होतं. भाऊ म्हणाला, छान आहे, अगदी स्वच्छ आहे. आणि उठून खिडकीपाशी गेला.

औषधांच्या एका कोठारातून सूचना आली ती त्यानंतर. तिथल्या शीतगृहाच्या स्टोअरकीपरने लिहिलं होतं की घंटा एकदा बंद केली की पुन्हा वाजत नाही. आत उकाडा तसाच राहिला तर तिने परत वाजायला हवं. "बरोबर आहे त्याचं," भाऊ म्हणाला. "शहाणा माणूस दिसतो. एका ओळीचं काम आहे."

कोड असा होता. तापमान आठ अंशांच्या वर असेल त्या प्रत्येक मिनिटाला मोजणीत एक वाढव. मोजणी तीसवर पोचली, तर घंटा वाजव. आता त्याच्या पुढे एकच ओळ घालायची होती, मोजणी बरोबर शून्य, म्हणजे घंटा वाजल्यावर नव्याने तीस मोजले जातील. भाऊने ओळ सांगितली आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मॅनेजर बाईंना दुसरंच काही हवं होतं. फोन लांबला. आत की बाहेर ते सांगायचं राहिलं.

ताई त्याच्यासाठी थांबली नाही, कारण तिला शंकाच आली नाही. जन्मभर तिने पोरांना बजावलं होतं, एक वाचन झालं की काटा शून्यावर आणा, मग दुसरं घ्या. तिने ओळ बाहेर घेतली.

नंतर तिने सगळं वाचून दाखवलं. शब्द सगळे बरोबर होते, क्रमही बरोबर होता. मोकळ्या जागा वाचून दाखवता येत नाहीत. भाऊचं बोट वर गेलं नाही. मग चाचणी घेतली. अर्धा तास कोण थांबणार, म्हणून भाऊच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे तीसच्या जागी एक लिहिलं. घंटा वाजली. बंद केली, पुन्हा वाजली. "झालं," भाऊ म्हणाला. ताईने एक खोडून तीस केलं आणि कोड पाठवून दिला.

काही आठवड्यांनी त्या कोठारातली थंड हवेची यंत्रणा एका दुपारी बंद पडली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा आतली हवा बाहेरच्यासारखीच होती. इन्सुलिन, लशी, सगळं फेकून द्यावं लागलं. लशींसाठी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आलेल्या आया मुलं कडेवर घेऊन परत गेल्या. पेटीच्या नोंदीत तापमान मिनिटामिनिटाने चढलेलं स्वच्छ दिसत होतं. घंटा वाजल्याची नोंद ती पेटी ठेवत नसे. स्टोअरकीपर म्हणाला, वाजली नाही. सगळे म्हणाले, डुलकी लागली असेल.

"कोडमध्ये काही नाही ना?" मॅनेजर बाईंनी फोनवर विचारलं.

"नाही. आम्ही तपासलाय," भाऊ म्हणाला, आणि लगेच, "मी तपासलाय."

फोन ठेवून त्याने ताईला सगळं पुन्हा वाचायला लावलं. तिने वाचलं. सगळं ठीक होतं. आणखी एकदा वाचलं. मग भाऊने विचारलं, "शून्याची ओळ कुणाच्या खाली आहे?"

"म्हणजे?"

"घंटेच्या सरळ रेषेत खाली, की 'जर'च्या?"

ताईने पडद्यावर बोट ठेवलं. "जरच्या," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला सगळं दिसलं. घंटा वाजो न वाजो, दर मिनिटाला मोजणी शून्य. एक व्हायची आणि पुसली जायची, पुन्हा एक व्हायची. तीस कधी होणारच नव्हते. चाचणीत तीसच्या जागी एक होता, म्हणून तेव्हा वाजली होती.

"दर शेंगेला वाटी ओतली मी," ती म्हणाली.

भाऊने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "आत घे."

तिने चार जागा आत घेतल्या. नव्या आवृत्तीबरोबर चार शब्द लिहून द्यायचे असतात. भाऊने सांगितलं, 'किरकोळ सुधारणा' लिही. ताईने लिहिलं.

"मी सांगते त्यांना. चूक माझी आहे."

"तू कोण? त्यांच्या लेखी तू नाहीसच. माझा कोड माझ्या बहिणीने का टंकला, असं विचारतील."

"मग विचारू देत."

"जरा थांब ना ताई. अजून चौकशी व्हायचीय. कदाचित त्या स्टोअरकीपरला नुसतं समजावून सोडतील."

त्यांनी त्याला सोडलं नाही. चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. ताई आणि भाऊ एकमेकांशी कामापुरतं बोलू लागले. आत. बाहेर. पुढची ओळ. ताई आता प्रत्येक ओळीला दोनदा विचारायची, आणि भाऊ प्रत्येकदा शांतपणे उत्तर द्यायचा. ते तिला ओरडण्यापेक्षा जड जायचं.

एके सकाळी भाऊच्या फोनवर अनोळखी नंबर आला. पेटीच्या पाठीवर मदतीसाठी एक नंबर छापलेला असतो, तो त्याचाच होता. हात पिठाचे होते म्हणून ताईने कोपराने स्पीकर लावला.

"साहेब, मी कोठारातला स्टोअरकीपर बोलतोय. तक्रार नाही हो, एक विचारायचं होतं. बोलू का?"

"बोला," भाऊ म्हणाला.

"ती घंटा केवढ्याने वाजते? म्हणजे, मी बसतो तिथून दार वळणापलीकडे आहे. पण आजवर ऐकू यायची. एकदा वाजली तेव्हा हातातला चहा सांडला होता माझ्या. मग या वेळी कशी नाही आली?"

भाऊने फोन जवळ ओढला.

"मी कान तपासून आलो साहेब. बायको म्हणाली, जाऊन या, शंका नको. तर डॉक्टर म्हणतात, कान अगदी तरण्या पोरासारखे आहेत. मला बरं वाटलं. तो कागद मी आमच्या साहेबांना दाखवला. तर ते म्हणाले, मग प्रश्नच मिटला, म्हणजे ऐकू आली आणि तुम्ही उठला नाहीत." तो हसल्यासारखा आवाज आला. "बहिरा असतो तर सुटलो असतो. आता मलाच वाटायला लागलंय, वाजली असेल. मीच कुठेतरी असेन. घरात दाराची बेल वाजली तरी मी बायकोला विचारतो, वाजली का गं? तेवढंच विचारायला फोन केला, केवढ्याने वाजते. तुम्ही बनवलीय ना ती."

"मोठ्याने वाजते," भाऊ म्हणाला. "तुमचे कान चांगले आहेत. मी... मी बघतो."

"बघा साहेब. उपकार होतील."

फोन बंद झाला. ताईने नळाखाली हात धुतले, पुसले, तरी पुसतच राहिली. मग बोलली, आणि तिला स्वतःलाच आपला आवाज वर्गातल्यासारखा वाटला.

"त्या माणसाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास आपण काढून घेतला. तुला हे काय असतं ते माहीत आहे. मला नाही. तुला माहीत आहे."

"शब्दांनी मारू नकोस ताई."

"मारत नाही."

तो पलंगाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "तुझा चेहरा कसा दिसतो सांगू? कडेने केस दिसतात. एक कान दिसतो, कानातलं दिसतं. मधे काही नाही. करडा डाग. गेल्या महिन्यापर्यंत तोंड हललेलं कळायचं, आता तेही नाही. तू रागावलीयस का रडतेयस ते मला आवाजावरून ओळखावं लागतं. कोडचंही तसंच झालंय. मी म्हणतो, माझा कोड. मी तो पाहिलेलाच नाही वर्षभर. ऐकलाय फक्त." चादरीची कड सारखी करत तो म्हणाला, "चूक तुझी नव्हती. ज्याला मोकळी जागा दिसत नाही त्याने ती तपासली, असं मी सांगितलं. चूक ती आहे."

ताई त्याच्या शेजारी जाऊन बसली. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं.

चौकशीची बैठक दुपारी होती. भाऊने इस्त्रीचा शर्ट घातला. ताईने एक गुंडी खालीवर लागलेली पाहिली आणि काही न बोलता नीट लावली. त्यानेही लावू दिली. ती नेहमीप्रमाणे बाजूला, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, स्टुलावर बसली. पडद्यावर मॅनेजर बाई होत्या, कोठाराचे साहेब होते, आणि एका कोपऱ्यातल्या चौकोनात कोणाच्या तरी ऑफिसच्या खुर्चीवर अवघडून बसलेला एक माणूस होता. पिकलेल्या मिशा, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. ताईने त्याचा आवाजच ऐकला होता. तिला तो तरुण वाटला होता.

कोठाराचे साहेब बोलत होते. पेटीत दोष नाही हे कंपनीने कळवलंच आहे. डॉक्टरी कागदही आहे. राहता राहिला प्रश्न हलगर्जीपणाचा, तर तो आता... मिशीवाला माणूस मान खाली घालून हो, हो करत होता. त्याने बाजू मांडणं सोडून दिलं होतं.

"तुमच्याकडून आणखी काही?" मॅनेजर बाईंनी भाऊला विचारलं. "नसेल तर मी अहवाल पाठवते."

"ताई," भाऊ हळूच म्हणाला, "कॅमेरा चालू कर."

तिने केला. पडद्यावर एक नवा चौकोन उघडला आणि त्यात तिचा धाकटा भाऊ दिसला, स्वच्छ दाढी केलेला, थोडासा डावीकडे बघत असलेला.

"अरे वा, आज नेट सुधारलं," मॅनेजर बाई म्हणाल्या. मग त्यांनी नीट पाहिलं. "तुम्ही कुणीकडे बघताय? तिथे कोणी आहे का?"

"माझी बहीण आहे. वर्षभर माझा कोड तीच टंकते आणि मला वाचून दाखवते," भाऊ म्हणाला. त्याचे हात टेबलावर होते, आवाज स्थिर होता. "घंटा वाजली नाही. वाजणं शक्यच नव्हतं, एक ओळ चुकीच्या जागी होती. त्यांच्या कानांत काही दोष नाही, ते झोपलेही नव्हते. कोड तपासला असं मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. मला तो तपासता येत नाही, मॅडम. मला दिसत नाही."